शनिवार-रविवारी ॲडमिट व्हावं लागलं तर: आकडे काय सांगतात आणि आपण नेमकं काय करायचं

शनिवारची संध्याकाळ. घरातल्या वयस्कर माणसाला दोन दिवसांपासून ताप आहे, आता धाप लागलीय, सकाळपासून लघवी जेमतेम एकदा झालीय आणि बोलण्यात थोडी विसंगती जाणवतेय. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "आज नेऊन काय उपयोग? मोठे डॉक्टर सोमवारीच येणार. तोवर नुसतं सलाईन लावून ठेवतील."

या बोलण्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ते पटतं. पण त्यातून निघणारा निर्णय जीवावर बेतू शकतो. शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण थोडं जास्त असतं, ही गोष्ट अनेक देशांत नोंदली गेली आहे. तिला 'वीकेंड इफेक्ट' म्हणतात. ते प्रमाण का जास्त असतं हे कळलं, तर रुग्णासोबत असलेल्या माणसाला कुठे लक्ष ठेवायचं हेही कळतं. म्हणून आधी थोडे आकडे बघू. घाई असेल तर सरळ पहिल्या पायरीवर जा.

आकडे नीट वाचायचे तर

चाइम बेल आणि डोनाल्ड रेडलमायर यांनी कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या १९८८ ते १९९७ या काळातल्या सुमारे ३८ लाख तातडीच्या भरत्या तपासल्या. निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यूच्या प्रमुख १०० कारणांपैकी २३ कारणांत शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांचा मृत्युदर जास्त निघाला. पोटातली महारोहिणी (शरीराची मुख्य रक्तवाहिनी) फुटलेल्या रुग्णांत तो ४२ टक्के होता, इतर दिवशी ३६. फुप्फुसात गुठळी अडकलेल्यांत १३ आणि ११. उरलेल्या कारणांपैकी एकातही शनिवार-रविवार ठळकपणे सुरक्षित ठरला नाही. मात्र हृदयविकाराचा झटका, मेंदूतला रक्तस्राव आणि खुब्याचं हाड मोडणं या तीन गोष्टींत वाराने काहीच फरक पडला नव्हता. बातम्यांमध्ये हे शेवटचं वाक्य सहसा गळतं.

पुढे इंग्लंडमधल्या २००९-१० च्या सुमारे १ कोटी ४२ लाख भरत्यांचा अभ्यास आला. बुधवारच्या तुलनेत रविवारी दाखल झालेल्यांचा ३० दिवसांतल्या मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त होता, शनिवारी ११ टक्क्यांनी. ही वाढ सापेक्ष आहे, हे विसरायचं नाही. समजा बुधवारी दाखल झालेल्या हजार जणांपैकी २० दगावत असतील, तर रविवारच्या हजारांत साधारण २३. याच अभ्यासात एक गंमत होती: जे आधीपासून रुग्णालयात होते, त्यांचा प्रत्यक्ष रविवारच्या दिवशी मृत्यू होण्याचा धोका बुधवारपेक्षा कमी निघाला. रविवारी सगळं रुग्णालयच ढिलं पडत असतं, तर असं कसं झालं असतं?

उत्तराचा मोठा भाग दारातच सापडतो. शनिवार-रविवारी कुटुंबाचे डॉक्टर सहसा उपलब्ध नसतात, आधीपासून ठरलेल्या भरत्या थांबतात, किरकोळ तक्रारीचे लोक सोमवारपर्यंत कळ काढतात. त्यामुळे जे दाखल होतात ते सरासरीने जास्त आजारी असतात. ऑक्सफर्डच्या रुग्णालयांतल्या ५ लाखांहून अधिक भरत्यांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात दाखल होतानाच्या रक्ततपासण्या हिशेबात धरल्यावर जादा मृत्यूंचा बराच मोठा हिस्सा त्यातूनच समजावता आला, आणि त्या दिवशी रुग्णालयावर किती ताण होता याचा मृत्यूंशी संबंध दिसला नाही. दुसऱ्या एका इंग्लिश अभ्यासाने रुग्ण रुग्णवाहिकेतून आला की स्वतःहून, एवढीच गोष्ट जमेला धरली, तर शनिवार-रविवारच्या दिवसाच्या वेळेतला फरक जवळपास पुसला गेला.

मग सगळा नोंदींचाच खेळ का? तसंही नाही. न्यू जर्सीत हृदयविकाराच्या झटक्यावर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९९९ ते २००२ या वर्षांत शनिवार-रविवारी आलेल्यांचा ३० दिवसांतला मृत्युदर १२.९ टक्के होता, इतरांचा १२. अँजिओप्लास्टीसारखे उपचार शनिवार-रविवारी कमी झाले होते, आणि ते हिशेबात घेतल्यावर फरक उरला नाही. म्हणजे जिथे वेळेत करायची एक ठराविक गोष्ट असते आणि ती करणारा माणूस घरून बोलवावा लागतो, तिथे वार आडवा येऊ शकतो. आणखी एक नोंद: अमेरिकेत रुग्णालयातच हृदय बंद पडलेल्या रुग्णांपैकी कामाच्या दिवशी दिवसा-संध्याकाळी २०.६ टक्के जगून घरी गेले, शनिवार-रविवारी त्याच वेळेत १७.४ टक्के. रात्री मात्र दोन्हीकडे १४-१५ टक्केच. माझ्या मते या आकड्यांत रविवारपेक्षा रात्र जास्त बोलते, पण रात्रीच्या भरतीबद्दल एवढी चर्चा होत नाही.

थोडक्यात, आपल्या हातात वार नाही, पण शनिवार-रविवारी ज्या सांध्यांमध्ये फट पडते ते सांधे ठाऊक आहेत. पुढचं सगळं त्या सांध्यांबद्दल आहे.

पायरी १: जायचं की थांबायचं

पुढच्या गोष्टींना वार नसतो. छातीत दाब किंवा दुखणं, विशेषतः घाम, मळमळ, हात किंवा जबड्यात कळ असेल तर. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. विश्रांती घेतानाही धाप. अचानक उठलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. तापाबरोबर गोंधळ, थंडगार हातपाय किंवा लघवी जवळपास बंद. रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी शौच. गरोदरपणात रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल कमी होणं. लहान मूल मलूल पडून दूध-पाणी घेत नसेल तर.

पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ घड्याळ बघून लिहून ठेवा. दारात पहिला प्रश्न तोच येणार. मोठ्या हृदयविकाराच्या झटक्यात रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांत अँजिओप्लास्टीने वाहिनी उघडावी, असं उद्दिष्ट असतं. जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळत असेल तर अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. सोमवारची वाट पाहणाऱ्याने यातली प्रत्येक संधी घरी बसून घालवलेली असते. वीकेंड इफेक्टची बातमी वाचून कुणी घरी थांबला, तर त्या बातमीने केलेलं नुकसान खुद्द वीकेंड इफेक्टपेक्षा मोठं ठरेल.

जुनाट गुडघेदुखी, आठवडाभराची खाज, नेहमीची तपासणी हे मात्र खुशाल सोमवारवर टाका.

पायरी २: कुठे न्यायचं

रुग्णवाहिका मिळत असेल तर तीच बोलवा. तिथल्या कर्मचाऱ्यांना कोणत्या आजाराला कुठे न्यायचं याची माहिती असते आणि पोचण्याआधी ते रुग्णालयाला कळवू शकतात. स्वतःच न्यायची वेळ आली तर निघताना एक फोन करा. प्रश्न नेमका हवा. "तुमच्याकडे सीटी स्कॅन आहे का?" असं विचारलं तर उत्तर 'हो' येईल, कारण मशीन असतंच. विचारायचं असं: "आत्ता, या क्षणी सीटी काढणारा आणि वाचणारा माणूस आहे का?" छातीत दुखत असेल तर "कॅथलॅबची (अँजिओप्लास्टी करतात त्या विभागाची) टीम आत्ता आत आहे की बोलवावी लागेल, आणि किती मिनिटांत येते?" रक्ताची उलटी असेल तर एंडोस्कोपीबद्दल हाच प्रश्न.

फोन लागला नाही तर तिथेच अडकून पडू नका. श्वास किंवा शुद्ध जात असेल तर सर्वांत जवळचं ठिकाण गाठायचं, बाकीचं नंतर.

पायरी ३: सोबतचा कागद

रविवारी तुमचे नेहमीचे डॉक्टर फोन उचलतीलच असं नाही, त्यांच्याकडची फाईल कपाटात बंद असते. त्यामुळे ही माहिती तुमच्या खिशात हवी: चालू औषधांची नावं, मात्रा आणि शेवटचा डोस कधी घेतला, कशाची ॲलर्जी आहे, आधीचे आजार, शस्त्रक्रिया. रक्त पातळ करणारी गोळी, इन्सुलिन आणि स्टेरॉइड यांच्यापुढे ठळक खूण करा, कारण या तिन्हींचा डोस चुकला किंवा दुप्पट झाला तर त्रास लगेच होतो. जुन्या ईसीजीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. नवा ईसीजी संशयास्पद दिसला की डॉक्टर आधी जुन्याशी ताडून बघतात, आणि तो नेमका मिळत नाही.

पायरी ४: पहिले चोवीस तास

दाखल करून घेणारा डॉक्टर बहुतेक वेळा तरुण निवासी डॉक्टर असतो. तो हुशार असतो, पण दमलेला असतो आणि त्याच्याकडे एकाच वेळी बरेच रुग्ण असतात. शनिवार-रविवारचा पहिला सांधा इथे आहे: अनुभवी डॉक्टरांची नजर रुग्णावर कधी पडते? इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१३ मध्ये सातही दिवसांसाठी जे निकष ठरवले, त्यांत तातडीने दाखल झालेल्या प्रत्येक रुग्णाला १४ तासांच्या आत कन्सल्टंटने (वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरने) तपासावं असं म्हटलं आहे. सीटी, सोनोग्राफीसारख्या तपासण्या जीवघेण्या अवस्थेत तासाभरात, तातडीच्या असतील तर १२ तासांत आणि इतर २४ तासांत व्हाव्यात, असंही त्यात आहे. तुमच्या रुग्णालयाला हे निकष लागू नसतील, पण मोजपट्टी म्हणून ते चांगले आहेत.

त्यामुळे दाखल झाल्यावर, गडबड ओसरली की, चार गोष्टी विचारा. कोणत्या कन्सल्टंटच्या नावावर ॲडमिट केलंय? ते स्वतः कधी बघतील? आज कोणकोणत्या तपासण्या व्हायच्या आहेत आणि यातली एखादी सोमवारपर्यंत थांबणार आहे का? थांबणार असेल तर त्याने उपचारात फरक पडतो का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. बऱ्याचदा उत्तर "नाही, उपचार तेच राहतील" असं येतं आणि तुमचा जीव भांड्यात पडतो. कधी कधी डॉक्टर क्षणभर थांबतात, "बघतो" म्हणतात आणि तपासणी त्याच रात्री होते.

उत्तरं वेळेसकट वहीत लिहा. आवाज चढवण्याची गरज नसते. वही उघडी दिसली की उत्तरंही जरा नेमकी मिळतात, असा माझा अनुभव आहे.

पायरी ५: खाटेजवळची नजर

वॉर्डातला रुग्ण अचानक ढासळला असं आपण म्हणतो, पण अनेकदा आधीचे काही तास खुणा दिसत असतात. त्या टिपण्यासाठी ब्रिटनमध्ये 'न्यूज २' नावाची गुणपद्धत वापरतात. श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, बाहेरून ऑक्सिजन लागतोय का, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि तापमान यांना गुण देतात. बेरीज ५ झाली की तातडीने डॉक्टर, ७ झाली की आणीबाणी.

नातेवाइकाने यातल्या दोन गोष्टी शिकल्या तरी पुरे. पहिली श्वास मोजणं. रुग्णाला न सांगता, छातीकडे बघत पूर्ण ६० सेकंद मोजा. मोठ्या माणसात १२ ते २० ठीक. २० च्या वर गेला तर सिस्टरना सांगा, २५ किंवा त्याहून जास्त असेल तर लगेच. यंत्रावर नाडी आणि ऑक्सिजन आपोआप दिसतात, श्वास मात्र पुष्कळदा अंदाजाने लिहिला जातो. दुसरी गोष्ट, नव्याने आलेला गोंधळ. ड्युटीवरच्या डॉक्टरने रुग्णाला आजच पाहिलेलं असतं. ही व्यक्ती एरवी कशी बोलते ते त्याला कसं कळणार? "आई अशी कधीच बोलत नाही" हे वाक्य वैद्यकीय माहिती म्हणूनच सांगायचं असतं. न्यूज २ मध्ये नव्या गोंधळाला एकट्याला ३ गुण आहेत, एका घटकासाठी तेच सर्वाधिक.

काही बिघडतंय असं वाटलं तर सांगायचं कसं? "जरा बघा ना, बरं वाटत नाहीये त्यांना" असं म्हटलं की उत्तर येतं "बघतो". अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर धोक्याचा निरोप देण्याची एक पद्धत होती, ती पुढे रुग्णालयांनी उचलली: आत्ता काय होतंय, मागे काय झालं, मला काय वाटतं, मला काय हवंय. म्हणजे असं: "सिस्टर, बाबांचा श्वास मिनिटाला २८ आहे. दुपारी १८ होता. न्यूमोनियासाठी काल ॲडमिट केलंय. ते ढासळतायत असं मला वाटतं. डॉक्टरांनी पुढच्या अर्ध्या तासात येऊन बघावं." पाच वाक्यांत काम होतं.

तरी कुणी आलं नाही तर एकेक पायरी वर जायचं: वॉर्डची सिस्टर, पाळीची प्रमुख सिस्टर, ड्युटी डॉक्टर, ऑन-कॉल कन्सल्टंट, मग रुग्णालयाचा त्या दिवशीचा जबाबदार प्रशासक. संकोच वाटतो, हे खरं आहे. पण हा संकोच मोडण्यासाठी काही ठिकाणी नियम करावे लागले. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०१३ पासून 'रायन्स रूल' आहे: काळजी दोनदा सांगूनही समाधान झालं नाही, तर नातेवाईक एका फोनवर स्वतंत्र तपासणी मागू शकतात. इंग्लंडमध्ये २०२४ पासून 'मार्थाज रूल' टप्प्याटप्प्याने आला. मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ च्या ऑगस्टमध्ये जंतुदोषाने गेली. ती ढासळत होती ते जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या शनिवार-रविवारी, आणि तिच्या आईवडिलांनी सांगितलेली काळजी पुरेशी ऐकली गेली नव्हती. तुमच्या रुग्णालयात असा काही नंबर आहे का, ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

जाता जाता: फिजिओथेरपिस्ट शनिवार-रविवारी कमी असतात. डॉक्टरांची परवानगी असेल तर रुग्णाला खुर्चीत बसवणं, दोन पावलं चालवणं, पाय हलवायला लावणं हे तुम्ही करू शकता. पायात गुठळी होऊ नये म्हणून काय चालू आहे, तेही विचारा.

पायरी ६: पाळी बदलताना

एका शनिवार-रविवारी रुग्णाची जबाबदारी पाच-सहा हातांतून सहज फिरते. नऊ रुग्णालयांत झालेला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की हँडओव्हरची, म्हणजे पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवण्याची, ठराविक तोंडी आणि लेखी चौकट वापरायला लावल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे दुष्परिणाम ३० टक्क्यांनी कमी झाले. औषध तेच, माणसं तीच, फक्त निरोप देण्याची पद्धत बदलली.

माझ्या वडिलांच्या बाबतीत हाच सांधा उसवला. शनिवारी पहाटे तापाने दाखल केलं, रक्त कल्चरला (त्यात जंतू वाढतात का ते बघायला) गेलं. रविवारी दुपारी त्यात जंतू वाढल्याचं लॅबने फोन करून कळवलं, पण फोन गेला तो आधीच्या वॉर्डात. वडिलांना सकाळीच दुसऱ्या मजल्यावर हलवलं होतं. निरोप कुठेतरी चिठ्ठीवर राहिला, चालू अँटिबायोटिक त्या जंतूवर चालणारं नव्हतं, आणि हे उघड झालं सोमवारच्या राउंडला. ते बरे झाले. पण त्या वीस तासांत मी खाटेशेजारीच बसून होतो, आणि कल्चरचं काय झालं हे एकदाही विचारलं नाही.

तेव्हापासून मी 'राहिलेल्या रिपोर्टांची' वेगळी यादी ठेवतो: काय पाठवलं, कधी पाठवलं, कधी येणार, कोण बघणार. दर पाळीला नवा डॉक्टर आला की ती एकदा वाचून दाखवायची. खाट किंवा वॉर्ड बदलला की लगेच पुन्हा. सोमवारी सकाळी नेहमीची टीम येते तेव्हाही, कारण 'शनिवार-रविवारी काय झालं' याचा गोषवारा त्यांना दोन ओळींत मिळालेला असतो.

पायरी ७: घरी सोडताना

शुक्रवारी दुपारी आणि शनिवारी डिस्चार्जची घाई असते. जायला हरकत नाही, पण डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय खाट सोडू नका: कोणती जुनी औषधं बंद केली, कोणते रिपोर्ट अजून यायचेत, आणि रविवारी रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. नवीन औषधं निघण्याआधीच हातात हवीत.

पायरी ८: शस्त्रक्रियेचा वार निवडता येत असेल तर

इंग्लंडमधल्या ४१ लाखांहून अधिक नियोजित शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शुक्रवारी झालेल्या शस्त्रक्रियांनंतर ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सोमवारच्या तुलनेत ४४ टक्के जास्त दिसली. ऐकायला भयंकर वाटतं; पण एकूण मृत्यू हजारी सातहून कमी होते, आणि कोणत्या वारी कसे रुग्ण घेतले जातात याचाही त्यात वाटा असू शकतो. तरी कारण म्हणून जे सुचवलं गेलं ते पटण्यासारखं आहे: रक्तस्राव, जंतुसंसर्ग असे त्रास पहिल्या ४८ तासांत डोकं वर काढतात, आणि शुक्रवारच्या रुग्णाचे ते तास शनिवार-रविवारात पडतात.

मोतीबिंदू किंवा हर्नियासारखं, त्याच दिवशी घरी सोडणारं काम असेल तर मी वाराकडे बघणार नाही. पोट उघडायची, आतडं जोडायची मोठी शस्त्रक्रिया असेल आणि दोन्ही तारखा सारख्याच जवळ असतील, तर सोमवार-मंगळवार मागून बघेन. पण शुक्रवार नको म्हणून कर्करोगाची शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे ढकलणं हा तोट्याचा सौदा आहे. शुक्रवार घ्या, आणि शनिवारी सकाळी टाके कोण बघणार आणि रविवारी रात्री पोट फुगलं तर कोण येणार, ही दोन नावं भूल देण्याआधी वहीत उतरवून घ्या.